एक भांडण हवं होतं

गल्लीत आज एकही गाडी वेडीवाकडी उभी नव्हती, आणि म्हणूनच शिट्टीताई काळजीत होत्या.

मागून निरीक्षक मॅडम हात पाठीमागे बांधून चालत होत्या. ताई स्वतः पोलीस नव्हत्या, चौकीच्या मदतनीस होत्या. अंगात निळं जाकीट, गळ्यात शिट्टी. दंड करायचा अधिकार नाही, कुणाला धरायचा नाही. अधिकार काय तो बोलण्याचा. मदतनिसांच्या पगाराच्या खालच्या पायऱ्या नोकरीची वर्षं भरली की आपोआप मिळतात. वरच्या पायरीसाठी मात्र वरिष्ठांनी एक फेरी सोबत मारायची आणि मदतनीस तंटा कसा सोडवते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. फेरीत काहीच घडलं नाही, तर मग पुढच्या वर्षी. हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे, पण होता.

चूक ताईंचीच. काल औषधाच्या दुकानात त्यांच्या तोंडून फेरीची गोष्ट निघून गेली, आणि औषधवाल्याच्या पोटात काही राहत नाही. सकाळपर्यंत सगळ्या गल्लीने ताईंचं नाव राखायचं ठरवून टाकलं होतं. भाजीवालीने गाडी रेषेच्या आत ओढली होती. वरच्या मजल्यावरचे ओले कपडे गायब होते. रोज जागेवरून एकमेकांचा उद्धार करणारे दोन रिक्षावाले "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" करत ताटकळत होते.

औषधवाला तर काउंटर सोडून बाहेर आला. "मॅडम, आमच्या ताई म्हणजे सोनं. आई बिचारी बहिणीकडे राहते हो, इथल्या एका खोलीत मावत नाही म्हणून. पायरी मिळाली की मोठी जागा बघणारेत."

ताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं होतं ते सगळं, पण असं रस्त्यात?

कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानासमोर मॅडम थांबल्या. "तुमचा भाग फारच शांत आहे. इथे मदतनीस कशाला हवी, असं विचारतील मला वरचे. मी लिहू काय?"

आत शिंप्याचं मशीन थांबलं.

मॅडमनी शिंप्याकडे आणि शेजारच्या घड्याळवाल्याकडे नजर टाकली. दोन दुकानांत भिंत एकच. "हे दोघं बोलतात का आता? मागे मी चौकीत समोरासमोर बसवलं होतं, तर पाठी फिरवून बसले. मी हात टेकले होते."

"नाही, मॅडम. जे काही आहे ते माझ्यामार्फत," ताई म्हणाल्या. "ताई, त्यांना सांगा दिवा बंद करा. ताई, त्यांना सांगा तुमचं गिऱ्हाईक इकडे आलंय. हाताच्या अंतरावर बसतात, पण निरोप माझ्याच तोंडून जातो. मीही पुष्कळ सांगून पाहिलं."

बागेपर्यंत जाऊन दोघी परत फिरल्या. फेरी संपत आली होती. आईला या वर्षीही काय सांगायचं, ते ताई मनात जुळवत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला.

शिंपी आणि घड्याळवाला फुटपाथवर समोरासमोर उभे होते.

"तुमच्या घड्याळांच्या टिकटिकीने माझा टाका चुकतो!" शिंपी ओरडला.

"आणि तुमच्या मशीनच्या खडखडाटाने माझ्या... माझ्या..." घड्याळवाला अडला.

"कानाला दडे," शिंपी हळूच म्हणाला.

"हां, कानाला दडे बसतात!" आणि तिरक्या डोळ्याने त्याने मॅडमकडे पाहिलं.

ताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आता पुढे व्हायचं होतं, दोघांच्या मध्ये शिरायचं होतं, वर्षानुवर्षं करत आलेलं काम फक्त करून दाखवायचं होतं. त्यांचा पायच उचलेना. कोण काय बोलणार हे या दोघांनी ठरवलं कधी? ठरवायला एकमेकांशी बोलले कसे? तेही आपल्यासाठी. ताईंचे डोळे भरून आले.

"अहो, बघताय काय?" मॅडम म्हणाल्या. "मिटवा की."

"मॅडम, मिटलंय," ताई म्हणाल्या. "माझी पायरी पुढच्या वर्षी दिलीत तरी चालेल. खरंच चालेल."

मॅडमनी एकदा शिंप्याकडे पाहिलं, एकदा घड्याळवाल्याकडे. मग त्या शिंप्याच्या बाकावर जाऊन निवांत टेकल्या.

"चालू द्या," त्या म्हणाल्या. "पुढचं वाक्य कुणाचं?"

"यांचं," दोघंही एकदम म्हणाले.

मॅडमना हसू आवरलं नाही. हसून झाल्यावर त्या उठल्या आणि ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. "मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. आईंना कळवा, जागा बघायला घेतलीये म्हणून."

ताईंनी हात जोडले, आधी मॅडमना, मग त्या दोघांना. बोलायचा अधिकार असलेल्या बाईला एक शब्द सुचत नव्हता.

शिंप्याने गळ्यातली टेप काढून हातात घेतली, उगाचच. "नव्या जागेचे पडदे माझ्याकडून."

"आणि भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडून," घड्याळवाला म्हणाला.

"ताई, त्यांना सांगा..." शिंप्याने सवयीने सुरुवात केली आणि तो थांबला. मग घड्याळवाल्याकडे वळून म्हणाला, "टिकटिक न करणारं द्या. म्हाताऱ्या माणसाची झोप सावध असते."