पक्का आकडा

“डेटाबेसमधल्या पार्सलच्या टेबलमध्ये एकूण नोंदी किती?” कुरिअर कंपनीच्या साहेबांनी विचारलं. कुलथे कीबोर्डकडे वळेपर्यंत नव्या ऋजुताने सांगूनही टाकलं, “सव्वानऊ कोटींच्या आसपास, सर.”

साहेब खूश होऊन केबिनमध्ये गेले आणि कुलथ्यांच्या पोटात दुखायला लागलं. हा डेटाबेस त्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला होता, आणि ही काल आलेली पोरगी!

“मोजलंस कधी गं?”

“मोजलं नाही, सर. डेटाबेस स्वतःच एक अंदाज ठेवतो, तो वाचला. नवीन डिस्क लागेल का, एवढंच त्यांना बघायचं होतं ना?”

अंदाज! आता हिचं पितळ उघडं पाडायचंच, म्हणून कुलथ्यांनी एकूणएक नोंद मोजायला लावली, तीही भर दुपारी, बुकिंगच्या ऐन गर्दीत. थोड्याच वेळात सगळ्या शाखांचे फोन खणखणू लागले. मोजणीच्या ओझ्याने डेटाबेस अडकला होता, कुठेच पार्सल बुक होईना. साहेब तणतणत बाहेर आले.

“कोणी काय चालवलंय?”

कुलथ्यांनी समोरच्या फायलीत डोकं घातलं. ऋजुताच्या स्क्रीनवर ती मोजणी त्यांच्याच नावाने चालू दिसत होती.

“माझ्याकडून झालं, सर,” ती म्हणाली. “लगेच बंद करते.”

साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झाप झाप झापलं. तिने कुलथ्यांकडे न बघता मोजणी थांबवली.

सकाळपासून ते नुसते तिच्या हुशारीवर जळत होते. आता तिच्या चांगुलपणावरही जळावं लागणार होतं.