टिटवाळ्याची सहल

या, जरा पुढे सरकून बसा, एक गोष्ट सांगते. डोंबिवलीहून आमची नववीची सहल टिटवाळ्याला गेलेली. देवळाच्या दारातच मला पाळी आली. मैत्रिणीला हळूच सांगितलं, ते मुख्याध्यापिकांनी ऐकलं. "तू बाहेरच बस! देवाला बाटवतेस का?" मुलांसमोर ओरडल्या. काय बाई त्यांचा देव, नववीतल्या पोरीला घाबरणारा! मी पायरीवर रडत बसले.

इतक्यात इतिहासाच्या सुमेधाबाई माझ्याशेजारी येऊन टेकल्या. "मीही बाहेरच. माझीही आलीय."

"अहो, तुमची?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"हो. तपासायचंय?"

मुख्याध्यापिका गुपचूप आत गेल्या.

मंडळी, त्याच महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झालेल्या आमच्या सुमेधाबाईंना देवापुढे हात जोडताना तेवढं आठवा.