माइकवर फुंकर

"काकू, माइकवर जरा फुंकर मारा," निशिकांत म्हणाला.

चिपळूणच्या कुमुद आगाशेकाकूंनी कॉम्प्युटरवरूनच त्याला कॉल लावला होता. मुलाच्या वाढदिवसाला स्वतःच्या आवाजात शुभेच्छा पाठवायच्या होत्या, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसती भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येत होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा निशिकांत पुण्यात बसून, दुरूनच त्यांच्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज तपासत होता.

"मारली रे!"

स्क्रीनवरची आवाजाची पट्टी टिकटिकीपलीकडे हलली नाही. माइक म्यूट नव्हता. टिकटिक येत होती, म्हणजे तो बिघडलेलाही नव्हता. शेवटी निशिकांतने माइकऐवजी कॉम्प्युटरच्या आतला आवाज रेकॉर्डिंगला जोडला.

"आता बोला."

"काय बोलू?"

पट्टी एकदम नाचू लागली. काकूंचा आवाज माइकमधून नाही, कॉम्प्युटरच्या आतूनच येत होता. गेलेल्या माणसाचा, त्याच्यासारखाच विचार करून बोलणारा आवाज घरच्या कॉम्प्युटरवर चालू ठेवणारी कुटुंबं आता पुष्कळ होती. त्या आवाजांना आपण गेल्याचं माहीत नसायचं, आणि ते सांगायचंही नसायचं.

"झालं, काकू. माइकच खराब होता."

"तरीच! सकाळपासून फुंकर मारतेय मी," काकू हसल्या. "पण एक बरं आहे बघ, हल्ली दमा अजिबात त्रास देत नाही."