दोन रविवारचा शब्द

"हे मशीन औरंगाबादेला," म्हणत छापखान्याचे साहेब भगवंतराव यांनी छपाईच्या यंत्रावर खडूने फुली मारली. "आणि सोबत मिस्त्री, एक नग."

भिवाजी मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. तीन आठवड्यांनी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. त्या सरकारी छापखान्यातल्या खुर्च्या, शाईचे डबे, घंटा, सगळ्याची वाटणी झाली होती. मांजर म्हैसूरच्या वाट्याला गेलं होतं. भिवाजीच्या बायकोचं, मनकर्णाचं नाव मात्र कुठल्याच यादीत नव्हतं. नारायणगुड्याच्या शाळेत तिला दोन महिन्यांपूर्वी नोकरी लागली होती. ती सोडून ती येणार नव्हती, आणि तिला सोडून त्याला जायचं नव्हतं.

"साहेब, बिघडलेला माल जागचा हलवायचा नाही, असा नियम हाय ना?"

"हौ. पण हे तर खडाखड चालू आहे की!"

चालू होतंच. स्पेनहून आलेल्या त्या यंत्राचा एक स्क्रू भिवाजीने अकरा वर्षांत ढिला होऊ दिला नव्हता. आता पाना घेऊन तेच मोडायला त्याचा हात धजत नव्हता. म्हणून हात न लावता ते बंद पाडायचा उपाय शोधायला, यंत्रासोबत आलेलं पुस्तक घेऊन तो एका म्हाताऱ्या स्पॅनिश पाद्र्याकडे गेला. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात एकच क्रियापद पानोपानी होतं. यंत्र बिघडतं, त्याचं क्रियापद.

फादरांनी ते दोन हप्त्यांत शिकवलं. एका रविवारी 'आवे'. पुढच्या रविवारी 'रिआर'. त्या दिवशी त्यांनी आधी मनगटावरचं घड्याळ काढून लांब व्हरांड्यात ठेवलं.

"दोन्ही तुकडे माझ्यासमोर जोडू नकोस," ते म्हणाले. "लागलंच तर जवळ जाऊन, हळू म्हण. शब्द यंत्रांचा आहे. माणसावर कुणी वापरल्याचं मी ऐकलेलं नाही."

सोमवारी छापखान्यात, साहेबांच्या देखत, भिवाजी चालू यंत्राशी वाकला. तापलेल्या लोखंडाला ओठ टेकतील इतका जवळ गेला, आणि पुटपुटला.

यंत्र थांबलं. अर्धा कागद त्याच्या जबड्यात तसाच लोंबत राहिला. मग वरचा पंखा थांबला. मग भिंतीवरचं घड्याळ. सुलतान बाजाराचा गलका खिडकीतून एकदम आत आला.

भगवंतरावांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं. हलवलं. पुन्हा लावलं.

"काय म्हणालास रे त्याला?"

"काय न्हाई साहेब. निरोप घेतला."

भगवंतरावांनी कळ दाबून पाहिली, चाक फिरवून पाहिलं. चाक जागचं हललं नाही. शेवटी त्यांनी खडूची फुली बाहीने पुसली आणि यादीतली ओळ खोडली. संध्याकाळी मनकर्णाला शाळेच्या फाटकापाशीच गाठून सांगायचं, भिवाजीने ठरवून टाकलं.

"मशीन राहू दे इथंच," भगवंतराव म्हणाले. "पण बंद मशीनला मिस्त्री कशाला? तू निघ औरंगाबादेला. उद्याच."

"साहेब, बायको—"

"ती यादीत नाही."

भिवाजीने फडक्याची नीट घडी केली. यंत्रावर ठेवली. मग तो साहेबांच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"मघाशी मी काय म्हणालो ते विचारत होता नव्हं?" तो अदबीने म्हणाला. "जरा कान इकडं करा."