प्रार्थनेचा विषय

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी तिचा हात धरला तो सोडेचनात. त्यांची बोटं खोकल्याच्या औषधाने चिकट झाली होती. "आम्ही सगळ्याजणी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं, बाळा," त्या म्हणाल्या. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मुलीला शिसारी आली.

सकाळपासून ही तिसरी. आधी पियानो शिकवणाऱ्या बाईंनी तिला छातीशी ओढून डोळे टिपले होते. मग पाळकांच्या बायकोने चर्चच्या फाटकाशी गाठून, सैतान याच वयात शिरतो, असं बजावलं होतं. कळवळा तर असा, की उतू जात होता. आणि त्याच्या आडून दुसऱ्याच्या घरातलं कळल्याची गोडी डोकावत होती.

परवा भांडी पुसताना ती आईला एवढंच म्हणाली होती, की प्रार्थना करते तेव्हा पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही. एवढं बोलायला तिला सारा हिवाळा लागला होता. आईने जवळ घेतलं. आपल्या दोघींतच राहील, असंही म्हणाली. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या चर्चला ठाऊक, मुलीलाही होतं. पण आपली आई म्हटल्यावर माणूस फसतोच.

घरी आई टाचण्या ओठांत धरून कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याची किनार दुमडत होती. लेकीने जाब विचारला तेव्हा तिने टाचण्या काढून ठेवल्या. चेहरा अगदी साळसूद.

"मी काय चहाड्या केल्या? चर्चच्या महिलासभेत प्रार्थनेचा विषय दिला, सगळ्याजणींनी तुझ्यासाठी देवाकडे मागावं म्हणून. तुझ्या भल्यासाठीच ना?"

चहाडीला देवाचं नाव दिलं की ती पवित्र होते तर! मुलीला रागापेक्षा किळसच जास्त आली. परवा जिच्यात तोंड खुपसून रडली, त्या कुशीचीसुद्धा.

या घरात जेवणाआधी पाळीपाळीने प्रार्थना होई. आज पाळी वडिलांची होती. आईने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि लेकीला, तू कर, म्हणाली. नाही म्हटलं असतं तर महिलासभेला नवा विषय मिळाला असता. मुलीने हात जोडले, डोळे मिटले. आईचा चेहरा खुलला.

"देवा," मुलगी सावकाश म्हणाली, "तू आहेस की नाहीस, मला अजून माहीत नाही. पण यापुढे मनातलं तुलाच सांगेन. तू निदान कुणाला सांगत नाहीस."