तोरस्करबाईंचा हात

तोरस्करबाईंच्या भाजलेल्या हातासाठी यंत्राने नवी कातडी वाढवली होती. ती उद्या बसवायची होती. डॉक्टर केळुसकरांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि कॉलेजपासूनच्या सवयीने गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी वहीत चित्र काढलं. केशवाहिन्या बारीक आणि नीटस होत्या.

मग त्यांनी बाईंच्या मूळ कातडीची स्लाइड लावली. तिथे त्याच वाहिन्या फुगून रक्ताने तुडुंब भरलेल्या होत्या, पण आजूबाजूला सूज नव्हती. दुर्मीळ, पण निरुपद्रवी. बाहेरून दिसायची ती मनगटापासून कोपरापर्यंत लाल ठिपक्यांची नागमोडी रांग.

"यंत्राने ठिपके काढून टाकलेत," डॉक्टर समोर बसलेल्या बाईंना म्हणाल्या. "दोष समजून."

"दोष आहे असं त्याला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. "माझ्या लेकीलाही आहेत. शाळेत कुणी चिडवलं की ती येऊन माझ्या हाताला हात लावून बसते."

डॉक्टरांनी वही मिटली. यंत्राला शिकवायच्या स्लाइडवर 'दोष' हा शेरा त्यांनीच मारला होता.

"मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाढवायला तीन आठवडे लागतील. तोवर जखम दुखेल."

"दुखू दे," बाई म्हणाल्या. "ही कातडी बसवली, तर लेक कुणाच्या हाताला हात लावणार?"