कोटातला फोटो

ऐन भातलावणीत समर्थला स्टुडिओत जायला सवड कुठली? खाचरातच त्यानं अंगात कोट चढवला आणि धाकट्या बहिणीनं, सृष्टीनं, फोटो काढला. लग्नाच्या बायोडाटात तिनं तो छातीखाली कापला. पण वर्डची पीडीएफ करताना ॲपनं कापलेला भाग परत आणला, आणि तिनं फाइल न बघताच कान्हे गावच्या राजेश्वरीला, समर्थला सांगून आलेल्या मुलीला, पाठवली. वर कोट, खाली गुडघाभर चिखल!

"सृष्टे, घालवलंस न्हवं माझं लगीन!"

एवढ्यात राजेश्वरीचा फोटो आला. काल पाठवलेलाच, जरीच्या साडीतला, कमरेपर्यंतचा. आज मात्र पायापर्यंत होता, आणि पाय चिखलात.

खाली लिहिलं होतं, "माझाबी कापलेलाच होता. आता पुरा बघा."